ट्रायलचा शिक्का आणि डिलिव्हरीची तारीख

घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे रामदास स्वामींचे जन्मगाव. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घरी नारायण जन्मला, त्यामुळे इथला रामजन्माचा उत्सव हा समर्थजयंतीचाही उत्सव असतो. अशा गावात कॅमेऱ्याला काम कमी पडत नाही. चैत्रात उत्सव, मग लग्नसराई, मधूनमधून वास्तुशांती, बारसे, वाढदिवसाचे शुभेच्छा व्हिडिओ, निवडणूक असली तर प्रचाराच्या रील. एके काळी असले चित्रण मिक्सिंगसाठी, म्हणजे कापून-जोडून घ्यायला, जालन्याला नाहीतर औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पाठवावे लागे. आता कुंभार पिंपळगावसारख्या बाजारगावातल्या एखाद्या गाळ्यात किंवा घरच्याच वरच्या खोलीत बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड टाकलेला संगणक असला की हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे तिथेच कापून-जोडून होते.

अडते ते शेवटच्या रात्री. चित्रण नेटके कापलेले, गाणी बसवलेली, रंग लावलेले. आणि एक्स्पोर्ट केल्यावर नवरीच्या चेहऱ्यावरून आडवी जाते कोणत्या तरी परदेशी कंपनीच्या नावाची पट्टी. मंडपातल्या कमी उजेडात चित्रावर आलेले कण घालवायला महिन्याभरापूर्वी एक प्लगइन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे पूरक साधन, ‘ट्रायल’ म्हणून टाकलेले असते. एडिटर ते विसरलेला असतो, प्लगइन विसरलेले नसते.

या शिक्क्यांची, म्हणजे वॉटरमार्कची, महाराष्ट्राला सवय आहे, इतकी की ते आता कुणाला खुपतही नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या शुभेच्छांच्या व्हिडिओत कोपऱ्यात ‘काइनमास्टर’ असे लिहिलेले कितीदा दिसते! दुकानाच्या जाहिरातीत किंवा लग्नाच्या टीझरमध्ये सनईच्या सुरांवर मधूनच एक बाई इंग्रजीत ‘ऑडिओजंगल’ म्हणून जाते, तोही शिक्काच. ऑस्ट्रेलियातल्या एन्व्हाटो कंपनीच्या बाजारातले ते संगीत विकत घेण्याआधी नुसते ऐकून बघण्यासाठी दिलेले असते. कुणी तरी तोच नमुना उचलून व्हिडिओखाली घातलेला असतो. पाहुण्यांना वाटते, गाण्यातलेच काही असेल. पण ज्याने त्या व्हिडिओचे पैसे मोजलेत त्याच्या घरातला एखादा पुण्यात नोकरी करणारा भाचा ते बरोबर ओळखतो आणि स्टुडिओची किंमत तिथेच ठरते.

ट्रायलचे प्रकार सगळे सारखे नसतात, आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते. काही कंपन्या मुदत देतात: अ‍ॅडोबी प्रीमिअर प्रोची चाचणी सात दिवसांची, तर लग्नाच्या मिक्सिंगमध्ये वर्षानुवर्षे दबदबा असलेल्या एडियसची तीस दिवसांची. त्या मुदतीत सगळे मोकळे असते, मुदत संपली की दार बंद. दुसऱ्या तऱ्हेत मुदतीपेक्षा शिक्क्यावर भर असतो. कण घालवणारे नीट व्हिडिओ, फिल्मसारखा रंग देणारे फिल्मकन्व्हर्ट यांच्या चाचणी आवृत्त्या काम पूर्ण करून दाखवतात, पण चित्रावर आपले नाव उमटवतात. मॅक्सॉन कंपनीच्या रेड जायंट संचातल्या प्लगइनला परवाना सापडला नाही की सरळ लाल फुलीच मारली जाते. तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी, कारण तिथे मूळ सॉफ्टवेअर खरोखरच फुकट असते. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६०पर्यंतचे चित्र, सेकंदाला साठ फ्रेमपर्यंत, कुठलाही शिक्का न मारता बाहेर काढते. पण त्यातली काही हत्यारे फक्त पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीसाठी राखलेली आहेत. त्यातले एखादे लावले की सॉफ्टवेअर एकदा विचारते, घाईत त्या चौकटीवर कुणी तरी पुढे जा म्हणून बटण दाबते, आणि तेवढ्या शॉटवर शिक्का बसतो. फिल्मोराची गत थोडी वेगळी. तिथे फुकट वापरणाऱ्याच्या सगळ्याच एक्स्पोर्टवर शिक्का येतो. आणि मूळ फिल्मोराचे पैसे भरले तरी त्यात जोडून मिळणारी बोरिस एफएक्स किंवा न्यूब्लू यांची प्लगइन वेगळ्या वर्गणीची असल्यामुळे त्यांचा शिक्का उरतोच. ‘पैसे भरूनही वॉटरमार्क येतोय’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते.

म्हणून कोणतेही ट्रायल उतरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: याची मर्यादा दिवसांची, शिक्क्याची, की सुविधांची? कंपनीच्या पानावर ते लिहिलेले असते, फक्त ‘डाउनलोड’च्या बटणाइतके मोठे नसते.

दिवसांची मर्यादा असेल तर चाचणीची वेळ निवडणे एडिटरच्या हाती असते, आणि मराठवाड्यातल्या एडिटरला पंचांगाने ती आयतीच दिलेली आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्ने थांबलेली असतात. या चातुर्मासात हातात जुने चित्रण असते, वेळ असतो आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलेले नसते. तीस दिवसांची मुदत खरोखर वापरायची असेल तर ती तेव्हाच सुरू करावी. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाल्यावर उतरवलेल्या ट्रायलचे निम्मे दिवस शूटिंगच्या गाडीतच जातात. आणखी एक योग असा की परदेशी प्लगइन कंपन्यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’चा सेल नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे आपली लग्नसराई उघडता उघडताच, लागतो. श्रावण-भाद्रपदात पारखून ठेवायचे आणि कार्तिक-मार्गशीर्षात सवलतीत घ्यायचे, हा क्रम गावाकडच्या स्टुडिओच्या खिशाला मानवणारा आहे.

पारखायचे म्हणजे कंपनीने दिलेला नमुना व्हिडिओ पाहायचा नाही. त्यात कॅलिफोर्नियातला समुद्रकिनारा असतो आणि तो तसाही सुंदरच असतो. चाचणी घ्यावी ती आपल्या सर्वांत वाईट शॉटवर. रात्रीची वरात, एका बाजूला डीजेचे निळे-जांभळे दिवे, दुसऱ्या बाजूला जनरेटरवरचा पिवळा हॅलोजन. हळदीचा कार्यक्रम, जिथे रंग सुधारणाऱ्या प्लगइनला हळद कोणती आणि त्वचा कोणती हेच कळेनासे होते. रामनवमीच्या मिरवणुकीतला गुलाल. या तीन ठिकाणी प्लगइन टिकले तर ते विकत घेण्याच्या लायकीचे. नाही टिकले तर शिक्क्याचा प्रश्नच मिटला.

शीर्षकांच्या प्लगइनची परीक्षा वेगळी घ्यावी. पुष्कळ तयार टायटल इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली असतात. त्यात ‘श्री’, ‘शुभविवाह’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’ असे चार शब्द टाकून बघावेत. जोडाक्षर फुटले, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली, की समजावे हे आपल्या कामाचे नाही. कधी दोष प्लगइनचा नसून मूळ सॉफ्टवेअरच्या मांडणीचा असतो. प्रीमिअर किंवा आफ्टर इफेक्ट्सच्या काही आवृत्त्यांमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिप्यांचे इंजिन निवडावे लागते. ते निवडले की देवनागरी ताळ्यावर येते. मुक्ता किंवा बालू यांसारखे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मोकळ्या परवान्याचे युनिकोड फाँट असताना केवळ देवनागरीसाठी महागडे टायटल प्लगइन घेण्याची गरज फार थोड्यांना पडते. एखाद्या अक्षराला नाचत आणायचे असेल तर गोष्ट निराळी.

चाचणी कशावर घ्यायची ते ठरले. आता कुठे घ्यायची. चालू कामाच्या टाइमलाइनवर कधीही नाही. टाइमलाइनची एक प्रत काढून तिला सरळ ‘चाचणी’ असे नाव द्यावे आणि प्लगइन तिथे लावावे. चालू कामातच ते दाखवण्याची वेळ आली, तर प्रत्येक क्लिपवर चिकटवण्याऐवजी वरच्या ट्रॅकवर अ‍ॅडजस्टमेंट लेअर टाकून त्यावर लावावे. रिझॉल्व्हमध्ये त्याला अ‍ॅडजस्टमेंट क्लिप म्हणतात. फायदा असा की तो एक ट्रॅक बंद केला की काम पुन्हा निर्मळ. प्लगइन साठ क्लिपमध्ये विखुरलेले असेल तर डिलिव्हरीच्या रात्री साठ ठिकाणी शोधत बसावे लागते, आणि एकसष्टावी क्लिप गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर सापडते.

शिक्का शोधण्याचीही युक्ती आहे. शिक्का कोणत्या थरातून येतो ते आधी वेगळे करावे. रिझॉल्व्हच्या कलर पानावर सगळे ग्रेड आणि फ्यूजनचे परिणाम एकदम बाजूला ठेवणारे बायपासचे बटण आहे. ते दाबल्यावर शिक्का गेला तर दोष रंगाच्या नोडमध्ये किंवा फ्यूजनमध्ये; नाही गेला तर एडिटच्या पानावर क्लिपला लावलेल्या इफेक्टकडे बघावे. रंगाच्या नोडमध्ये बहुतेक वेळा गुन्हेगार ठरते ते नॉइझ रिडक्शन, म्हणजे कण घालवणारे हत्यार, कारण मोफत आवृत्तीत ते नाही, आणि कुठून तरी उतरवलेल्या तयार ग्रेडमध्ये ते गुपचूप बसलेले असते. अशी दुसऱ्याची साठवलेली ग्रेड, म्हणजे पॉवरग्रेड, आपल्या क्लिपवर ओढली की हा पाहुणाही घरात येतो. इतर सॉफ्टवेअरमध्ये वरून खाली एकेक ट्रॅक बंद करत जाणे हाच सोपा मार्ग. काही शिक्के फिकट असतात, पांढऱ्या शेरवानीवर दिसतच नाहीत. ते काळ्या पडद्यावर किंवा रात्रीच्या शॉटवर, चित्र पूर्ण आकारात ठेवून तपासावेत.

शिक्का सापडल्यावर मार्ग तीन उरतात: इफेक्ट काढणे, त्याच्या जागी फुकटचे काही वापरणे, किंवा पैसे भरणे. पहिल्याला लोक उगाच कमी लेखतात. चमकती किनार, लेन्समधून येणारा प्रकाशाचा झोत, फुलपाखरांचा थवा, हे काढून टाकल्याने एकही लग्न मोडलेले नाही.

दुसरा मार्ग बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण विकतच्या प्लगइनची निम्मी गरज शूटिंगच्या वेळी झालेल्या चुकीतून येते. मंडपातली एलईडी वॉल आणि ट्यूबलाइट यांच्यामुळे चित्र फडफडते. मग फडफड घालवणारे प्लगइन शोधले जाते, त्याचे ट्रायल येते, त्याचा शिक्का येतो. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा पंचवीस फ्रेमवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले तर विजेच्या साध्या दिव्यांची फडफड मुळातच येत नाही. नवा कॅमेरा कधी कधी अमेरिकी मांडणीत, म्हणजे तीस फ्रेम आणि १/६० वर, आलेला असतो आणि तो तसाच वापरला जातो. मेन्यूत जाऊन एनटीएससी ही अमेरिकी मांडणी बदलून पंचवीस फ्रेमची पाल करायला एक मिनिट लागते. हे एक मिनिट एका प्लगइनच्या किमतीचे आहे. एलईडी वॉलचे गणित थोडे हट्टी असते, तिथे कॅमेऱ्यात बारीक शटरची सोय असेल तर ती वापरून पट्ट्या थांबेपर्यंत फिरवावे लागते.

कणांचेही तसेच. अंधारात आयएसओ चढवत नेण्याऐवजी एक लहान एलईडी दिवा सोबत नेला तर नीट व्हिडिओची आठवण क्वचित येईल. तरी चित्रण हातात आल्यावर कण दिसलेच, तर शॉटकट या मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये कण कमी करणारे फिल्टर आहेत, हँडब्रेकमध्येही आहेत. खराब तेवढी क्लिप तिथून धुऊन काढावी आणि मग टाइमलाइनवर आणावी. वेळ लागतो, धार थोडी बोथट होते, नीट व्हिडिओची सफाई येत नाही हेही खरे. पण फुली मारलेल्या चित्रापेक्षा ते बरे. हलते चित्र स्थिर करायला रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत सोय आहे, आणि कॅमेऱ्याने जायरोची, म्हणजे स्वतःच्या हालचालीची, नोंद ठेवली असेल तर जायरोफ्लो नावाचे मोकळे सॉफ्टवेअर उत्तम काम करते. आवाजातली पंख्याची घरघर ऑडासिटीत कमी होते. मोबाइलवर काम करणाऱ्यांसाठी व्हीएन हे अ‍ॅप शिक्का न मारता व्हिडिओ देते, आणि इनशॉटमध्ये एक जाहिरात पाहिली की तेवढ्या व्हिडिओपुरता शिक्का निघतो.

शिक्का पुसून टाकण्याचे मार्ग इंटरनेटवर भरपूर सापडतात. कोपरा कापून टाका, धूसर करा, कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगा. कापले की चित्राची चौकट बिघडते आणि मुंडावळ्या अर्ध्या तुटतात. पुसले की तिथे डाग थरथरत राहतो. आणि फुली तर मध्यभागीच असते. पण चित्र कितीही साफ निघाले तरी मूळ अडचण तशीच राहते: ट्रायल केवळ पारखण्यासाठी दिलेले असते, त्यातून झालेले काम विकायचे नाही ही अट ‘मान्य आहे’ म्हणून एडिटरने स्वतः स्वीकारलेली असते.

याहून वाईट रस्ता क्रॅकचा. गावाकडे त्याला ‘फुल व्हर्जन’ म्हणतात. असेंबल्ड संगणक घेताना विकणारा ‘सगळं टाकून देतो’ म्हणतो, त्या सगळ्यात हे येते. कायदा इथे संदिग्ध नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ६३ब प्रमाणे संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते, पण लग्नाचे पैसे घेणारा स्टुडिओ या सवलतीत बसत नाही. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तर हक्कभंगाच्या हेतूने सॉफ्टवेअरचे कुलूप तोडण्यालाच गुन्हा ठरवते आणि त्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगते.

तरी खेड्यातल्या एडिटरला पोलिसांपेक्षा मोठी भीती दुसरीच असायला हवी. क्रॅक चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. तिचा अर्थ सरळ आहे: राखणदाराला झोपवा, मग आत येतो. २०१८च्या सुमारास पसरू लागलेला स्टॉप किंवा डिजेव्हू नावाचा खंडणीखोर व्हायरस मुख्यतः असल्याच क्रॅक आणि की-जनरेटरमधून घरोघरी गेला. तो एकेक फाइल कुलूपबंद करतो, नावापुढे विचित्र शेपूट लावतो आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ९८० डॉलर मागणारी चिठ्ठी ठेवतो. तीन दिवसांत बोललात तर निम्म्यात, ४९० डॉलरमध्ये. संगणकाला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्कही त्यात सापडते. दुसऱ्याच्या मुलीचे लग्न त्या डिस्कवर असते आणि ते पुन्हा लावता येत नाही. असे घडलेच तर संगणक नेटपासून तोडावा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे, आणि खंडणी देण्याआधी कुलूप उघडणारे मोफत साधन निघाले आहे का ते पाहावे. या व्हायरसच्या जुन्या अवतारांसाठी एम्सिसॉफ्ट कंपनीने २०१९ मध्ये तसे साधन काढले. नव्या अवतारांपुढे ते फारसे चालत नाही.

जांबच्या लोकांना चित्रणाची किंमत वेगळ्या प्रकारेही ठाऊक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या राममंदिरातल्या पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या, आणि पुढे पोलिसांनी त्या शोधून परत आणल्या. अशा प्रसंगी मूर्ती ओळखायला जुन्या उत्सवांचे फोटो आणि व्हिडिओ कामाला येतात, आणि मूर्तीच्या चेहऱ्यावरून कुणाच्या कंपनीचे नाव गेलेले असेल तर ते चित्रण पुराव्यालाही उणे आणि संग्रहालाही. उत्सवाचे चित्रण करणाऱ्याने म्हणूनच मूळ फाइल, कोणताही इफेक्ट न लावलेली, वेगळ्या डिस्कवर राखून ठेवावी. तयार झालेला देखणा व्हिडिओ ही तिची जागा घेऊ शकत नाही.

राहिला तिसरा मार्ग, पैसे भरण्याचा. इथे भावनेपेक्षा पाटी-पेन्सिल बरी. समजा प्लगइन आठ हजारांचे आहे आणि हंगामात वीस लग्ने होतात. लग्नामागे चारशे रुपये पडले. ते प्लगइन प्रत्येक लग्नात एक तास वाचवत असेल तर सौदा फायद्याचा, आणि ते फक्त दोन लग्नांत लागत असेल तर महिन्याची वर्गणी घेऊन बंद करणे शहाणपणाचे. रिझॉल्व्ह स्टुडिओची किंमत २९५ डॉलर, पण ती एकदाच. त्यात कण घालवणे, मॅजिक मास्क, आवाज वेगळा करणे हे सगळे येते आणि परवाना दोन संगणकांवर चालतो. वेगवेगळी तीन प्लगइन घेण्याआधी हा आकडा त्यांच्या बेरजेशेजारी मांडून बघावा. परदेशी किंमत रुपयात बदलताना तिच्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे परकीय चलनाचे शुल्क धरावे, नाहीतर कार्डावर आलेला आकडा पाहून घरात वाद होतो.

कार्डाचीही एक मेख आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवी कार्डे परदेशी व्यवहारांसाठी बंद ठेवूनच दिली जातात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती सोय ग्राहकाने स्वतः उघडायची असते. कित्येकदा ‘पेमेंट फेल’ होण्याचे कारण तेवढेच. काम झाले की सोय पुन्हा बंद करावी. ट्रायलसाठी कार्डाचा नंबर आधीच मागितला असेल तर मुदत संपताच वर्गणी आपोआप सुरू होते, अ‍ॅडोबीचे तसेच आहे. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे अशा आवर्ती वजावटीपूर्वी किमान चोवीस तास आधी बँकेने सूचना द्यायची असते आणि आता पंधरा हजारांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. पण त्या सूचनेचा एसएमएस लग्नाच्या धामधुमीत वाचला जाईलच असे नाही. ट्रायल घेतल्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण लावून ठेवावी.

परवाना घेताना आवृत्ती नीट बघावी. एकच प्लगइन कित्येकदा प्रीमिअरसाठी वेगळे, रिझॉल्व्हसाठी वेगळे, एडियससाठी वेगळे विकले जाते. नीट व्हिडिओच्या होम आणि प्रो अशा आवृत्त्या आहेत आणि होमला चित्राच्या आकाराची मर्यादा आहे. फोर-केमध्ये शूटिंग करणाऱ्याने स्वस्त म्हणून ती घेतली तर पुन्हा अडकणे आलेच. जुन्या आवृत्तीचा परवाना असताना सवयीने नवी आवृत्ती उतरवली तरी शिक्का परत येतो, कारण नव्या आवृत्तीच्या लेखी तो परवाना नसतोच.

पैसे भरले, क्रमांक टाकला, तरी शिक्का दिसतोय, ही तक्रार नवख्यांकडून हमखास येते आणि तिचे कारण जवळजवळ ठरलेले असते. सॉफ्टवेअरने आधी करून ठेवलेले रेंडर अजून जुनेच दाखवले जात असते. आधी एडिटिंगचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. मग साठवलेले रेंडर पुसावे: प्रीमिअरमध्ये सिक्वेन्सच्या मेन्यूत रेंडर फाइल डिलीट करण्याची सोय आहे, रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅकच्या मेन्यूत रेंडर कॅश, आफ्टर इफेक्ट्समध्ये एडिटच्या मेन्यूत पर्ज. एखादी क्लिप ‘रेंडर अँड रिप्लेस’ केलेली असेल तर शिक्का त्या नव्या फाइलमध्येच मुरलेला असतो. तिला मूळ रूपात आणून पुन्हा रेंडर करण्यावाचून इलाज नाही. ट्रायलच्या काळात टीझर म्हणून एक्स्पोर्ट केलेला तुकडा पुढे मुख्य व्हिडिओत वापरला असेल तर तीच गत. फिल्मोरात विकत घेतलेल्या खात्याने लॉग-इन करून जुना प्रोजेक्ट उघडायचा आणि नव्याने एक्स्पोर्ट करायचा. एकदा बाहेर पडलेल्या फाइलवरचा शिक्का पैसे भरल्याने निघत नाही. आणि लॉग-इन त्याच ई-मेलने आहे ना, हेही पाहावे. स्टुडिओत तीन जणांचे तीन जीमेल असतात आणि परवाना नेमका सुटीवर गेलेल्याच्या नावावर असतो.

पूर्ण तीन तासांचा एक्स्पोर्ट लावून झोपायला जाण्यापूर्वी दहा सेकंदांचे तीन तुकडे काढून बघावेत: एक सुरुवातीचा, एक मधला, एक जिथे ते प्लगइन सर्वांत जोरात वापरलेले आहे तो. घनसावंगी भागात वीज रात्री जाते, यूपीएस दहा मिनिटे पुरतो, आणि सकाळी वरपक्षाचा माणूस पेनड्राइव्ह घ्यायला दारात असतो. अशा वेळी शिक्का सकाळी सापडण्यापेक्षा रात्री अकराला सापडलेला परवडतो.

गिऱ्हाइकाला मान्यतेसाठी दाखवायच्या प्रतीवर मात्र शिक्का हवाच, फक्त तो आपला. स्टुडिओचे नाव आणि ‘तपासणी प्रत’ असे मधोमध, फिकट, लहान आकाराच्या व्हिडिओवर टाकून पाठवावे. उरलेले पैसे आले की निर्मळ प्रत द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून तपासणी प्रतच फिरली तरी नाव आपलेच फिरते. ट्रायलचा शिक्का असलेली प्रत यासाठी पाठवू नये. गिऱ्हाईक त्यावरून एवढेच समजते की याच्याकडे सामान उसने आहे.

खरेदीचे बिल, परवान्याचा क्रमांक आणि तो ज्या ई-मेलवर आला ते, या तिन्ही गोष्टी संगणकात नव्हे तर वहीत लिहून ठेवाव्यात. संगणक फॉरमॅट करण्याआधी, मदरबोर्ड बदलण्याआधी किंवा तो जुना म्हणून विकण्याआधी प्लगइनमधला डीअ‍ॅक्टिव्हेटचा पर्याय वापरून परवाना मोकळा करून घ्यावा. तसे न करता यंत्र विकले तर परवाना त्याच्याबरोबर जातो, आणि तो परत मिळवण्यासाठी कंपनीला बिलासकट इंग्रजीत पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी लागते. ते पत्रही हंगाम सुरू होण्याआधीच गेलेले बरे.